सिसू तोडताय? खुंटाचं काय करणार ते आधी ठरवा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या गिल्बर्ट गावातलं घर, मागच्या अंगणात बारा वर्षांचं सिसूचं झाड, काँक्रीट ब्लॉकच्या कुंपणभिंतीला उभी भेग, स्विमिंग पूल पंधरा फुटांवर आणि एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) 'तीस दिवसांत बंदोबस्त करा' असं पत्र. तीन कोटेशनं घेतलीत, त्यातला सगळ्यात स्वस्त माणूस म्हणतो की एका दिवसात झाड आणि खुंट दोन्ही गायब, संध्याकाळी अंगण झाडून देतो. हे वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. २०१९ च्या एप्रिलमध्ये तुमच्या शेजारच्या चँडलरला मी अगदी याच बोलीवर सही केली होती.

आधीच सांगते, मी आर्बरिस्ट (झाडांची तज्ज्ञ) नाही आणि वकील तर नाहीच. एका झाडापायी तीन वर्षं डोकं पिकवून घेतलेली बाई एवढीच माझी पात्रता. विमा बघा, सगळे पैसे आगाऊ देऊ नका वगैरे तुम्हाला बाकीच्यांनी सांगितलंच आहे, ते परत लिहीत नाही. एकच भर घालते. विम्याचा कागद त्या माणसाच्या फोनवर बघू नका, त्याच्या विमा कंपनीकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा, आणि त्यात कामगारांचा विमा आहे ना ते बघा.

आता सिसू. घर घेतलं तेव्हा बिल्डरच्या माणसाने 'इंडियन रोझवूड' म्हणून ओळख करून दिली होती आणि माझी छाती फुगली होती. अमरावतीला आजीचा शिसवी देव्हारा होता, तेच झाड परदेशात दारात! फार उशिरा कळलं की आपली शिसवी ती शिसव, सह्याद्रीकडची. हे त्याचं चुलत भावंड, हिमालयाच्या पायथ्याचं आणि पंजाबकडचं शीशम. नदीकाठच्या रेतीत वाढणारं झाड. पूर येऊन खोड मोडलं, काठ खचला, तरी मुळांवरून नवी झाडं उठवायची ही त्याची जगायची रीतच आहे. फिनिक्समध्ये त्याला आपण ठिबकचं पाणी देतो, तेही बुंध्याजवळ आणि रोज थोडं थोडं. खाली कॅलिचीचा चुनखडीचा थर असला की पहार मारली तर ठिणगी उडते. मग मुळं खाली कशाला जातील? ती आडवी जातात. पूलकडे, भिंतीखाली, शेजाऱ्याच्या हिरवळीकडे, जिथे ओल असेल तिथे.

माझं झाड पुढच्या अंगणात होतं. ड्राइव्हवेचे पेव्हर ब्लॉक उचलले गेले होते आणि एचओएचं काम बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीचं पत्र आलं. (नाव लिहीत नाही, कारण मी अजून त्याच घरात राहते.) पत्रात दोन अटी होत्या. तीस दिवसांत झाड काढा, आणि रस्त्यावरून खुंट दिसता कामा नये. काढायची परवानगी मात्र वेगळी समिती देणार, जी महिन्यातून एकदा भरते. म्हणजे मुदत एका खिडकीवर आणि परवानगी दुसऱ्या, तीही बंद खिडकीवर. मी मुदतवाढ मागितली तर 'आपला ईमेल मिळाला' असं आपोआप आलेलं उत्तर मिळालं. फोन केला तर म्हणे पोर्टलवर टाका. पोर्टलवर टाकलं तर तिथे 'इतर' हा पर्यायच नव्हता. खरं तर मुदत उलटू देऊन निवांत चांगला माणूस शोधला असता तर दंड किती झाला असता? फार तर शे-दीडशे डॉलर. तो भरायला हवा होता. पण तेव्हा दंडाची नोटीस म्हणजे पोलीस दारात आल्यासारखं वाटायचं, आणि समितीचा होकार सत्ताविसाव्या दिवशी आला. उरलेल्या तीन दिवसांत जो मिळाला तो माणूस धरला.

त्यांनी काम वाईट केलं असं म्हणणार नाही. पहाटे साडेपाचला आले, दोरांनी फांद्या एकेक करून उतरवल्या, छपराचं एक कौल हललं नाही. दुपारी स्टंप ग्राइंडर आणून खुंट जमिनीखाली फूटभर घासून भुसा केला. तेव्हा त्यांच्यातले एक वयस्कर मेक्सिकन काका भुशाकडे बोट दाखवून मला म्हणाले, 'सिन्योरा, मुचोस इहुएलोस.' माझं स्पॅनिश म्हणजे 'इहो' म्हणजे मूल, एवढंच. मला वाटलं मुलंबाळं किती विचारताहेत. मी हसून एक बोट वर केलं, 'एक मुलगी.' काका मान हलवत निघून गेले.

इहुएलोस म्हणजे केळीला येतात ते मुनवे. झाडाची पोरं. ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

पहिला फुटवा पेव्हरच्या फटीत आला, दुसरा पाण्याच्या मीटरच्या डब्यात. मे संपेपर्यंत साठाच्या वर मोजले, मग मोजणं सोडलं. शेजारचे आजोबा एकटे राहतात. त्यांनी नुकतीच कृत्रिम हिरवळ टाकून घेतली होती, तिच्या खालून तंबूसारखे उंचवटे आले. मी रोज सकाळी कात्री घेऊन कापायची, आणि एक कापला की आठवड्यात तिथे तीन. कारण खोड गेलं तरी सगळी मुळं जिवंत, पोटात वर्षानुवर्षांचा साठा, आणि डोकं उडाल्यावर त्यांना एकच काम उरलं होतं. झाड तोडायला आणि खुंट घासायला मिळून १,९५० डॉलर गेले होते. त्यानंतर आजोबांची हिरवळ, माझा ड्राइव्हवे आणि औषध मारणाऱ्याच्या फेऱ्या मिळून ४,२०० गेले. आजोबांनी एक शब्द वाकडा काढला नाही, त्याची लाज वेगळीच.

तर चूक ही, की मुळं मारायच्या आधी खुंट घासला. औषध मुळांपर्यंत न्यायची वाट त्या खुंटातूनच जाते आणि ती मी पैसे देऊन बुजवली. सिसूच्या बाबतीत क्रम असा हवा: झाड कापायचं, खुंट फूटभर ठेवायचा, आणि कापल्यावर काही मिनिटांच्या आत त्या ताज्या कापावर ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपिर हे तणनाशक लावायचं. पूर्ण खुंटावर ओतायची गरज नसते, सालीलगतचं बाहेरचं कडं ओलं झालं पाहिजे, कारण जिवंत भाग तिथेच असतो. मधलं लाकूड मेलेलंच असतं. चहा पिऊन आलात तर काप सुकतो आणि औषध आत ओढलं जात नाही. मग खुंट काही महिने तसाच ठेवा, आलेच फुटवे तर त्यांच्या पानांवर औषध लावा, आणि नंतरच ग्राइंडर बोलवा. प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच, मनाने दुप्पट करू नका. ट्रायक्लोपिरचा एस्टर प्रकार आपल्याकडच्या उन्हात वाफ होऊन पसरतो, बाजूची बोगनवेल करपते. तो टाळा.

दुसऱ्याला पैसे देऊन तणनाशक मारून घ्यायचं तर ॲरिझोनात त्या माणसाला त्याचं वेगळं लायसन्स लागतं. झाड तोडणाऱ्या बऱ्याच क्रूंकडे ते नसतं, म्हणून ते औषधाचा विषयच काढत नाहीत. सरळ विचारा, 'खुंटाला औषध कोण लावणार?' ज्याने या प्रश्नावर नीट उत्तर दिलं त्याला काम द्या, भले तो महाग असेल. आयएसए या वृक्षतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सर्टिफाइड आर्बरिस्ट असेल तर बहुधा तोच हा विषय काढेल. आणि 'सिसूला फुटवे येत नाहीत' म्हणणारा भेटला तर त्याला पाणी विचारा आणि वाटेला लावा.

वेळेचंही बघा. उन्हाळा संपत येतो तेव्हा झाड साखर खाली मुळांकडे नेतं, औषधही तिच्यासोबत खाली जातं. वसंतात ओढ वरच्या दिशेने असते. मी एप्रिलमध्ये तोडलं, म्हणजे औषध लावलं असतं तरी अर्धंच लागलं असतं. तुमचं झाड कललेलं नसेल, मुळाशी जमीन उचलली जात नसेल, तर मी तुमच्या जागी आता फक्त फांद्या विरळ करून घेतल्या असत्या, म्हणजे मॉन्सूनच्या वाऱ्याला झाडातून वाट मिळते, आणि ऑक्टोबरमध्ये तोडलं असतं. इथला मॉन्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात आणि त्यातला एखादा मायक्रोबर्स्ट (वादळातून खाली आदळणारा वाऱ्याचा झोत) मेस्कीटचं अख्खं झाड उताणं पाडतो, त्यामुळे धोक्याचा निर्णय फोटोवरून माझ्याकडून घेऊ नका. आर्बरिस्टला भिंतीजवळ उभं करून विचारा, आणि तो म्हणाला 'आत्ताच काढा' तर त्याच्याकडून तसं लेखी घ्या. एचओएला लेखी कागदाची भाषा कळते. मुदतवाढीचा अर्ज त्याला जोडून रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोर्टलच्या नादी लागू नका.

खुंट दिसण्यावरून कटकट झालीच तर आमच्या मागच्या गल्लीतल्या ताईंची युक्ती करा. खुंट सपाट कापून घेतला आणि त्यावर मोठी कुंडी ठेवली. पत्र आलं नाही. (तुळस ठेवू नका, जूनमध्ये पश्चिमेच्या उन्हात दोन दिवसांत काडी होते. कोरफड टिकते.)

ग्राइंडर यायच्या आधी किमान दोन पूर्ण कामाचे दिवस ८११ ला (जमिनीखालच्या लाइनी दाखवणारी सेवा) फोन करा, फुकट आहे. ते येऊन जमिनीवर रंग मारतात, लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस. पण ते फक्त कंपन्यांच्या लाइनी दाखवतात. तुमच्या पूलच्या हीटरची किंवा बार्बेक्यूची गॅसलाइन, पूलच्या दिव्याची वायर, ठिबकच्या नळ्या ही तुमची खाजगी मालमत्ता, त्यांच्यावर कुणी रंग मारत नाही. पूल पंधरा फुटांवर आहे म्हणून मुद्दाम लिहिते आहे. घराच्या जुन्या मालकाकडे नकाशा असेल तर मागा.

बाकी किरकोळ. वादळानंतर दार वाजवून 'आजच करतो' म्हणणारे येतात, त्यांना दारातूनच नमस्कार. बाजूला सग्वारो निवडुंग असेल तर त्याला हात लावायच्या किंवा हलवायच्या आधी राज्याच्या कृषी खात्याला विचारा. सिसूच्या सावलीत संत्र्याचं झाड असेल तर सावली गेल्यावर त्याचं खोड उन्हाने भाजतं, साल फाटते. आमच्या अमरावतीकडे संत्र्याच्या बुंध्याला गेरू-चुना लावतात, इथे पाण्यात पातळ केलेला पांढरा लेटेक्स रंग लावतात. आमचं एक झाड मी हे न करता घालवलं, तेही त्याच उन्हाळ्यात.

सावलीची किंमत झाड गेल्यावरच कळते, हेही खरं. पश्चिमेची भिंत रात्री दहाला तव्यासारखी लागायची. मी आयर्नवूड लावलं आहे, इथलंच झाड, मुळं सभ्य, पण वाढ इतकी संथ की २०२३ ला सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर पारा होता तेव्हा त्याच्या सावलीत जेमतेम आमचं मांजर मावत होतं. घाई असेल तर 'डेझर्ट म्युझियम' जातीचं पालो वर्देचं झाड बघा, काटे नसतात, फक्त वसंतात पूलभर पिवळी फुलं पडतात आणि फिल्टर साफ करून जीव जातो.

खोडाचा एक तुकडा मात्र ठेवून घ्या. आमच्या तुकड्याचा एका सुताराने पोळपाट करून दिला. जड आहे, हलत नाही, चपाती उत्तम फिरते.

ता. क. पाठवायच्या आधी तुमचा फोटो परत मोठा करून बघितला. भिंतीपलीकडे शेजाऱ्याकडे दिसतंय तेही सिसूच आहे का? असेल आणि ते तुमच्याच झाडाच्या मुळावरून उगवलेलं असेल, तर तुमच्या खुंटाला लावलेलं औषध त्यालाही मारू शकतं. त्या घरी आधी बोलून घ्या, आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा. तोवर मी वर लिहिलेलं औषधाचं काही करू नका.