मोडलेला मॅनिफोल्ड स्टड आणि ईझी-आउटचा मोह

तुमची गाडी एमपीएफआय (इंजेक्टरवाली) जिप्सी किंग. बिडाचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारा भाग) काढून त्याजागी घरीच स्टीलच्या नळ्यांचा हेडर बसवायचा आहे. ते धरून ठेवणारे काही स्टड (डोकं नसलेले आटेदार बोल्ट) नटाबरोबरच बाहेर आले, दोन जागचे हलत नाहीत आणि फायरवॉलकडचा, म्हणजे केबिनच्या बाजूचा, एक मोडला. आता तुम्ही विचारताय, ईझी-आउट (मोडका बोल्ट भोक पाडून उलटा पिळून काढायचं साधन) कोणत्या मापाचा आणू. माझं उत्तर: सध्या आणूच नका.

हिशेब बघा. अख्खा 8 मिमीचा स्टड पिळून मोडला, पण आट्यांतून सुटला नाही. आता त्याच्यात भोक पाडून त्याहून बारीक आणि त्याहून ठिसूळ तुकडा घालायचा आणि तेवढ्याच जोराने पिळायचं. तो काय निराळं करणार? बहुतेक वेळा तोही आतच मोडतो. ईझी-आउटचं पोलाद इतकं कडक असतं की साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. मग इंजिनाचं हेड (वरचा भाग, ज्यात हे स्टड बसतात) उतरवून मशीन शॉपला न्यायचं आणि कार्बाइडने कोरून काढायचं. स्टड सैल असताना वरून मोडला असेल, तर ईझी-आउट छान काम करतो. जाम होऊन मोडलेल्याला आधी जाममधून सोडवा.

जाम का होतो? हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादी. दोन निराळे धातू, त्यात ओल आणि वर्षानुवर्षं तापणं-निवणं. आट्यांत गंज आणि पांढरी भुकटी गच्च बसते. पण हीच जोडी आपल्या कामाची आहे, कारण तापवल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेड तापवलं की भोक मोठं होतं आणि स्टड त्या मानाने लहान राहतो. सगळी करामत एवढ्यावरच आहे.

त्याआधी एक गोष्ट. न हललेले ते दोन स्टड काढायलाच हवेत का? आटे शाबूत आहेत का आणि हेडरची फ्लँज (हेडला टेकणारी सपाट पट्टी), गॅस्केट आणि नट बसल्यावर दोन-तीन आटे बाहेर उरतात का, बघा. हेडरची फ्लँज बिडाच्या मॅनिफोल्डपेक्षा पातळ असेल तर लांबी पुरून उरते. तसं असेल तर वायर ब्रश मारा, डाय (बाहेरचे आटे कापायचं साधन) फिरवून आटे साफ करा आणि त्यांना हातही लावू नका. संच नवा दिसावा म्हणून चांगले स्टड उपटणारे लोक नंतर हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) शोधत फिरतात.

काढावेच लागले तर रात्री चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. डब्ल्यूडी-40 चा साधा डबा मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला, या कामाला तो दुय्यम. घरी बरेच जण ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) मिसळून वापरतात, ते चालतं, फक्त ते भडकन पेट घेतं हे लक्षात ठेवा. सकाळी ते पुसून घ्या आणि मगच उष्णता द्या. तुमच्या गाडीत इंजिनवरच पेट्रोलची रेल, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी आहे, म्हणून गॅसच्या ज्योतीपेक्षा हीट गन बरी. स्टडभोवतीचं हेड तापवा. 150 ते 200 अंश पुरे. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, सरळ वितळतं. गरम असतानाच स्टडच्या बुडाशी मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. ऐकायला आजीबाईचा बटवा वाटतो, पण काम करतं.

पकडायला दोन नट. स्टडवर दोन्ही चढवा, एकमेकांवर चेकनटासारखे आवळा आणि पाना आतल्या, म्हणजे हेडकडच्या नटाला लावून उलटा फिरवा. नट घसरत असतील तर रोलरवाला स्टड एक्स्ट्रॅक्टर. ग्रिप प्लायर सगळ्यात शेवटी. त्याने आटे चेपतात आणि मग परतीची वाट बंद.

आता हाताला काय जाणवतं, याकडे नीट लक्ष द्या. आधी अगदी थोडं आवळायच्या दिशेने दाबा, मग उलटं. सुटणारा स्टड कट् असा कोरडा आवाज करतो आणि तिथेच सैल पडतो. मोडणारा आवाज करत नाही. पाना रबरासारखा मऊ पुढे जातो आणि हात सोडला की थोडा मागे येतो. तो मऊपणा जाणवला की थांबायचं: स्टड फिरत नाहीये, पिळला जातोय. पुन्हा तेल, पुन्हा उष्णता. सुटला तरी एकदम फिरवून काढू नका. पाव फेरा बाहेर, थोडा आत, तेल, असं करत आणा. भुकटी आट्यांत दळली गेली की अर्ध्यावर पुन्हा जाम होतो.

मोडलेल्याचं काय? थोडासा जरी बाहेर असेल किंवा अगदी हेडच्या पातळीत असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय. वेल्डिंगची उष्णता स्टडच्या गाभ्यातून आट्यांपर्यंत जाते, गंजाची पकड सुटते, आणि पाना लावायला नवं डोकंही मिळतं. ॲल्युमिनियमला पोलादी वेल्ड चिकटत नाही, म्हणून हेडला फारशी भीती नाही. वेल्डिंगवाल्याला घरी बोलवा, मिग (तारेचं वेल्डिंग) असेल तर उत्तम. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) प्लग काढा, अर्थिंग स्टडजवळच हेडला लावायला सांगा. ब्रेक क्लीनरने धुतलेल्या जागी वेल्डिंग करू देऊ नका, क्लोरीनवाला असेल तर विषारी वायू होतो. वेल्ड लाल असताना फिरवू नका. काळपट झाला की हळूच हलवा. पहिला नट तुटून आला तर दुसरा लावा, नाउमेद होऊ नका.

आत खोल मोडला असेल तर ड्रिल. इथे घाई करणारा मरतो. पोलाद कडक, बाजूचं ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे ड्रिल सरकतो तो नेमका चुकीच्या बाजूला. टर्नरकडून एक छोटा बुश करून घ्या: बाहेरून हेडरच्या भोकात बसेल असा, आत 3 मिमीचं भोक. हेडरची फ्लँज उरलेल्या स्टडांवर आवळून त्यातून पायलट भोक मारा. मग 5, मग 6.8. एम8 गुणिले 1.25 (8 मिमी जाडी, दर आट्याला 1.25 मिमी) साठी 6.8 हेच टॅपचं (आतले आटे कापणाऱ्या साधनाचं) भोक, त्याच्या पुढे गेलात तर आटे खाल. भोक मधोमध असेल तर आट्यांत उरलेली पोलादाची स्प्रिंगसारखी तार सुईने उचलून काढता येते, मग टॅप फिरवा. पोर्टमध्ये आधी फडकं कोंबा. आटे गेलेच तर 8.3 चं भोक आणि हेलिकॉइल, त्याचा टॅप वेगळा येतो.

नवे स्टड बसवताना कॉपर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा आणि स्टड हाताने बसेल तेवढाच घ्या, पान्याने ठासू नका. ताण नटाने द्यायचा असतो. एखादा स्टड पाण्याच्या जागेत उघडतो का तेही बघा, तसं असेल तर त्याला सीलंट लागतं. नटांचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत. अँटी-सीझने घर्षण कमी होतं, म्हणून वरच्या मर्यादेला जाऊ नका. इंजिन तापून पूर्ण निवलं की एकदा पाना फिरवून बघा, आणि सकाळच्या थंड स्टार्टला टिक-टिक (गळतीची खूण) येते का ऐका.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीतल्या बदलांबद्दलचं) आणि पीयूसी या दोन्हींची कटकट तुम्हाला नको असेल.

आता मोडलेल्या स्टडचा फोटो टाका. हेडच्या पातळीपासून तो किती आत किंवा बाहेर आहे, पट्टी धरून दाखवा. मग वेल्डिंग की ड्रिल ते ठरवू.