टेस्टिंगला टाकलंय, आता डेव्हलपर होता येईल का?

लातूरच्या एका कॉलेजात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते: "सध्या पुण्यात खराडीला एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे. मला डेव्हलपमेंट हवं होतं, पण बीडीडी (बिहेव्हियर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने कसं वागावं हे उदाहरणांतून लिहून काढायची पद्धत) टेस्टिंगच्या टीमला दिलं. दिवसभर बिहेव्ह या साधनाच्या फीचर फाइल्स (अपेक्षित वागणूक साध्या वाक्यांत मांडणाऱ्या) लिहायच्या, मधूनमधून जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कची टेम्प्लेट्स (पानांचे साचे) दुरुस्त करायची. मामा म्हणतात, टेस्टिंगचा शिक्का एकदा बसला की निघत नाही. एक क्लास ४५ हजारांत ऑटोमेशनचा कोर्स देतोय, बाबा पैसे भरायला तयार आहेत. भरावेत का? एआयमुळे हे काम पुढे राहणार आहे का? आणि रेझ्युमेत यातलं काय लिहू?"

प्रिय विद्यार्थिनीस,

आधी मामांच्या शिक्क्याचं बघू. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. एक्सेलमधली यादी समोर ठेवून बटणं दाबायची आणि रकान्यात 'पास' किंवा 'फेल' भरायचं, अशा कामात दोन-तीन वर्षं गेली की पुढे कोडिंगची मुलाखत जड जाते. अशी मुलं माझ्याकडे नेहमी येतात. पण तू जे काम लिहिलं आहेस ते हे नव्हे. अ‍ॅप्लिकेशनने कसं वागावं हे लिहून काढणं आणि ते वागणं माणसाला जिथे दिसतं ते पान बांधणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी तुझ्या हातात आल्या आहेत. राहिला मधला कोड. तो वाचायची परवानगी तुला आहे, आणि क्लासच्या मुलांना नेमकी तीच मिळत नाही. तेव्हा इंटर्नशिप सोडू नकोस. ती करण्याची पद्धत मात्र बदलायला हवी.

बीडीडी जन्मली ती डेव्हलपरांच्या अडचणीतून, हे मामांना जरूर सांग. डॅन नॉर्थ थॉटवर्क्स कंपनीत असताना प्रोग्रामरना 'आधी टेस्ट, मग कोड' ही पद्धत शिकवायचे. शिकणारे दर वेळी त्याच ठिकाणी अडकायचे: सुरुवात कुठून करायची, काय तपासायचं, काय सोडायचं, टेस्टला नाव काय द्यायचं. 'टेस्ट' हा शब्दच बाजूला ठेवला आणि 'हे असं असं वागायला हवं' असं पूर्ण वाक्य लिहायला लावलं, की बराच गोंधळ मिटतो हे नॉर्थ यांच्या लक्षात आलं. २००३च्या सुमारास त्यांनी जावासाठी जेबिहेव्ह हे साधन लिहायला घेतलं. बिझनेस अ‍ॅनालिस्ट ख्रिस मॅट्स यांच्याबरोबर बसून 'गिव्हन, व्हेन, देन' (जर, जेव्हा, मग) हा साचा बसवला आणि २००६मध्ये लेख लिहून सगळी कल्पना मांडली. आस्लाक हेलेसॉय यांचं क्युकंबर हे बीडीडीचं साधन आलं २००८मध्ये. तू वापरतेस ते बिहेव्ह ही त्याच धर्तीची पायथनमधली सोय.

या फाइल्स ज्या गर्किन भाषेत लिहितात तिला ७०हून अधिक मानवी भाषा चालतात, आणि त्यांत मराठीही आहे. तालुक्याच्या वाचनालयाचं अ‍ॅप आहे असं धर:

वैशिष्ट्य: पुस्तक देवघेव
परिदृश्य: दंड थकलेला सभासद
जर सभासदाचा २० रुपये दंड थकलेला आहे
जेव्हा तो नवीन पुस्तक मागतो
मग त्याला पुस्तक मिळत नाही
आणि "आधी दंड भरा" असा संदेश दिसतो

आता हे ग्रंथपालांना वाचून दाखव. ते लगेच म्हणतील, "अहो, वीस रुपयांसाठी कुणाला परत पाठवत नाही आम्ही. पन्नासच्या वर गेला तर अडवतो. आणि शाळकरी मुलांना दंडच नाही." झालं की काम! एक ओळ कोड लिहायच्या आधी दोन चुका सापडल्या. बीडीडीचं खरं मोल इथे आहे. मागणी करणारा, कोड लिहिणारा आणि तपासणारा असे तिघं एका टेबलाशी बसून उदाहरणं ठरवतात, त्या बैठकीला 'थ्री अमिगोज' म्हणतात. अशा बैठकीत तुला बसायला मिळतं का? मिळत नसेल तर माग. कोपऱ्यात बसून नुसतं ऐकलंस तरी चालेल.

आता कडू भाग. कित्येक ठिकाणी बीडीडी नावापुरतीच असते. कोड आधीच लिहून झालेला असतो. मग टेस्टर सेलेनियमच्या (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) स्क्रिप्टवर गर्किनची झूल चढवतो आणि फाइलीत अशी वाक्यं येतात: "जेव्हा मी लॉगिन पानावर जातो, आणि दुसऱ्या चौकटीत पासवर्ड भरतो, आणि निळं बटण दाबतो, आणि तीन सेकंद थांबतो." यात वागणूक कुठेच नाही, नुसत्या बोटांच्या हालचाली आहेत. ग्रंथपाल हे कधीच वाचणार नाहीत. आणि बिझनेसचं कुणी वाचणार नसेल तर गर्किनचा थर हवाच कशाला? पायटेस्ट या पायथनच्या साध्या टेस्टिंग साधनात तीच टेस्ट कमी कष्टात होते. तुझ्या टीममध्ये एक प्रश्न विचारून बघ: "आपल्या फीचर फाइल्स टीमबाहेर कोण वाचतं?" उत्तर 'कुणीच नाही' असं आलं तरी घाबरू नकोस. लिहिण्याची सवय तुझीच राहते. फक्त त्या वाक्यांची संख्या वाढली म्हणजे आपण शिकतोय, असं मानू नकोस.

टेम्प्लेट्सकडे तू 'मधूनमधून करायचं काम' म्हणून बघतेस, ते मला जास्त खटकलं. शाळेच्या दाखल्यावर छापील मजकूर आणि नाव-जन्मतारखेसाठी मोकळ्या जागा असतात, तसंच टेम्प्लेट. पण मोकळ्या जागेत काय भरायचं हे कुणी ठरवायचं, यावर वेब डेव्हलपमेंटमध्ये वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. सुरुवातीच्या पीएचपी पानांत डेटाबेसची क्वेरी, हिशेब आणि एचटीएमएल एकाच फाइलीत कालवलेलं असायचं. जँगो तयार झालं अमेरिकेत कॅन्ससमधल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या वेब विभागात आणि २००५मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तिथे प्रोग्रामरांच्या शेजारी पानं रचणारे डिझायनर बसायचे. त्यामुळे टेम्प्लेटची भाषा मुद्दाम तोकडी ठेवली: अट, लूप, फिल्टर, एका मूळ पानावरून बाकीची पानं बेतायची सोय, आणि जवळपास एवढंच. हिशेब करायचा असेल तर पायथनमध्ये करा आणि तयार उत्तर टेम्प्लेटला द्या. हा तोकडेपणा अडचण वाटतो तोवर आपण नवखे आहोत असं समजावं.

वाचनालयाचंच बघ. 'दंड पन्नासच्या वर असेल तर बटण दाखवू नको' ही अट कुणीतरी टेम्प्लेटमध्ये लिहिली. पानावर बटण दिसत नाही, टेस्ट हिरवी होते, सगळे घरी जातात. पण तोच पत्ता ब्राउझरमध्ये हाताने टाकला की पुस्तक मिळतं, कारण आत कोणी अडवलेलंच नाही. नियम मॉडेलमध्ये (डेटा सांभाळणारा कोड) किंवा व्ह्यूमध्ये (विनंतीला उत्तर देणारा कोड) हवा, टेम्प्लेटने फक्त तो दाखवायचा. हे ज्या टेस्टरला कळतं ती बटण शोधत बसत नाही. ती थेट विनंती पाठवून बघते. जँगोच्या टेस्ट क्लायंटने ब्राउझर न उघडता हे काही क्षणांत होतं. अशा टेस्ट भरपूर ठेवाव्यात. ब्राउझर उघडणाऱ्या मोजक्याच, कारण त्या हळू चालतात आणि कधी पास, कधी फेल असा लहरीपणा करतात.

दुसरं उदाहरण सुरक्षिततेचं. सभासदाने नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट टॅग (ब्राउझरला कोड चालवायला लावणारी खूण) टाकला तर? २००८च्या १.० आवृत्तीपासून जँगो अशी चिन्हं आपोआप निरुपद्रवी करून छापतं. पण कुणी घाईत 'सेफ' हा फिल्टर लावला की ते कवच गळून पडतं आणि दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये परकी स्क्रिप्ट चालते. तुमच्या टेम्प्लेट्समध्ये हा फिल्टर कुठे कुठे लावलाय ते आजच शोध, प्रत्येक ठिकाणी 'हा मजकूर कुठून येतो?' असं विचार, आणि जिथे उत्तर मिळत नाही तिथे परिदृश्य लिही. सीनियर लोक अशा इंटर्नचं नाव लक्षात ठेवतात.

तुझ्या पत्रात एक तक्रार होती की डिझाइन बदललं की तुझ्या टेस्ट धडाधड पडतात. पडणारच, कारण तू घटक शोधतेस ते सीएसएसच्या क्लासवरून (रंगरूप ठरवणारं नाव) किंवा लांबलचक एक्सपाथवरून (पानाच्या रचनेतला घटकाचा पत्ता). निळ्या बटणाचं हिरवं झालं की क्लास बदलतो, पण वागणूक तीच राहते. त्याऐवजी माणूस जसा शोधतो तसं शोध: 'पुस्तक घ्या' असं लिहिलेलं बटण, 'सभासद क्रमांक' असं लेबल असलेली चौकट. मायक्रोसॉफ्टचं २०२०मध्ये आलेलं प्लेराइट हे ब्राउझर-टेस्टिंगचं साधन याच पद्धतीचा आग्रह धरतं. आणि चौकटीला लेबलच सापडलं नाही, तर ते टेम्प्लेटमध्ये राहून गेलेलं असतं. म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध सभासदालाही ती चौकट कसली आहे हे कळत नसणार. तुझ्याकडे टेम्प्लेटचं काम आहेच, तर लेबल तूच घाल. टेस्ट टिकाऊ होईल आणि पानही सुधारेल. टेस्टिंग एकीकडे, पान बांधणं दुसरीकडे अशी वाटणी झालेल्या टीममध्ये याच कामासाठी दोन तिकिटं (कामाच्या नोंदी) काढावी लागतात आणि आठवडाभर वाट बघावी लागते.

एआयचं बोलू. गर्किनची परिदृश्यं आणि टेम्प्लेट्स दोन्ही ही साधनं आता भराभर लिहून देतात, आणि दिसायला छान लिहितात. त्यामुळे नुसतं टायपिंग हीच ज्याची कमाई, त्याचं अवघड आहे. ते टेस्टिंगमध्ये असो की डेव्हलपमेंटमध्ये. पण शाळकरी मुलांना दंड नाही हे ग्रंथपालांच्या डोक्यात असतं, आणि विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही. ते विचारायचं आणि आलेल्या शंभर परिदृश्यांतली नव्वद निरर्थक म्हणून काढून टाकायची, हे कुणीतरी करावंच लागेल. यापुढचं भाकीत मी करणार नाही.

४५ हजार भरू नयेत. त्या क्लासचा तू पाठवलेला अभ्यासक्रम पाहिला. सेलेनियम, क्युकंबर आणि 'रिअल टाइम प्रोजेक्ट' म्हणून एका डेमो दुकानावर लॉगिनची टेस्ट. यातलं बरंचसं तू रोज पगारी करतेस. (इंटर्नशिपचं मानधन तुटपुंजं आहे हे वाचलं, पण क्लासला उलट तूच पैसे द्यायचेत.) प्रमाणपत्र हवंच असेल तर आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा दे. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ बरोबर. अभ्यासक्रम फुकट उतरवून घेता येतो आणि क्लासशिवाय होतो. काही कंपन्या चाळणी लावताना हे प्रमाणपत्र बघतात, बऱ्याच बघतही नाहीत.

बाबांना सांग, त्या पैशांऐवजी शनिवार-रविवारची मोकळीक द्या. त्या वेळात वाचनालयाचं अ‍ॅप खरंच बांध. लातुरात तुझ्या घराजवळच्या वाचनालयात जाऊन विचार, वहीत नोंदी कशा करतात ते बघ, दंडाचे नियम लिहून घे. तीन-चार वैशिष्ट्यं पुरेत. आधी परिदृश्य, मग कोड, मग टेम्प्लेट, आणि टेम्प्लेट मराठीत. जोडाक्षरांची लांब नावं चौकटीत मावतात का, रक्कम १,००,००० अशी दिसते की पाश्चात्त्य पद्धतीने १००,००० अशी, पुस्तकच नसेल तर पान कोरं राहतं का, हे सगळं तिथे समोर येईल. गिटहबवर ठेव.

कंपनीत इंटर्नशिपच्या मध्यावर मॅनेजरशी स्पष्ट बोल. "मला डेव्हलपमेंटला घ्या" अशी विनंती सहसा वाऱ्यावर जाते. त्यापेक्षा म्हण, "मला सापडलेल्या बगपैकी एखादा छोटा बग मीच दुरुस्त करून रिव्ह्यूला टाकू का?" नाही म्हणणं त्यांना जड जाईल. असे पाच-सहा बदल मुख्य कोडमध्ये गेले की शिक्क्याचा प्रश्न मामांपुरताच उरतो. इंटर्नशिप संपताना नोकरी फक्त मॅन्युअल टेस्टिंगची देऊ केली तर घाईने हो म्हणू नकोस. घरची परिस्थिती पगार थांबवू देत नसेल तर घे, पण शनिवार-रविवारचं काम चालू ठेव. ऑटोमेशनची किंवा एसडेटची (टेस्टिंगसाठी कोड लिहिणारा इंजिनिअर) असेल तर बिनधास्त घे, तिथे कोड लिहावाच लागतो.

रेझ्युमेत 'क्युकंबर, सेलेनियम, बिहेव्ह, एचटीएमएल, जँगो' अशी स्वल्पविरामांची माळ घालू नकोस. सगळ्यांच्या रेझ्युमेत तीच असते. तीन ओळी लिही, प्रत्येकीत केलेलं काम: कोणत्या नियमातली संदिग्धता परिदृश्य लिहिताना उघड झाली, कोणत्या टेम्प्लेटमधली त्रुटी सापडली आणि ती कशी बुजवली, डिझाइन बदलल्यावर पडणाऱ्या टेस्ट कशा टिकाऊ केल्या. कंपनीची गोपनीय माहिती त्यात येऊ देऊ नकोस. खाली वाचनालयाच्या अ‍ॅपचा दुवा. कच्चा मसुदा झाला की पाठव, मुलाखतीत त्यावर काय विचारतील ते मी लिहून कळवते.