पुण्यात एकटं राहताना स्वयंपाक आणि किराणा स्वस्तात कसा भागवायचा?
माझ्या अनुभवात एकट्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते सडलेल्या भाजीपायी. पहिल्याच महिन्यात मी मार्केट यार्डातून स्वस्त मिळाले म्हणून 5 किलो कांदे आणले. निम्म्यांना कोंब फुटले. आता महात्मा फुले मंडईतून पावकिलोच घेतो, तेही संध्याकाळी उशिरा, विक्रेते आवरायला लागले की. मेथीची जुडी मात्र एकट्याला मोठीच पडते. अर्धीची भाजी करा, उरलेली चिरून दुसऱ्या दिवशी कणकेत घाला, पराठे होतात.

तूरडाळ, बेसन, दाण्याचं कूट घरात कायम हवं. भाजी नसली तरी पिठलं-भात अर्ध्या तासात होतो. मटकी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड. अर्धीची उसळ, अर्धी फ्रीजमध्ये.

कुकर 3 लिटरचा घ्या, वरण-भात एकदम लागतो. पोळ्या? जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून आणतो. आई ओरडते, पण एकट्यासाठी रोज कणीक मळायचा मला खरंच कंटाळा येतो. उरलेला भात सकाळी फोडणीचा. त्यात शेंगदाणे सढळ हाताने घाला, तिथे काटकसर नको.