जुन्या स्तोत्रांतून नवे समूहगान
प्रश्न : ग्रेगोरियन स्तोत्रगायनावरून (चर्चमधले जुने, एकाच चालीत गायले जाणारे लॅटिन गायन) गायकवृंदासाठी नवी रचना करतो आहे. ती नक्कल वाटू नये म्हणून काय करावे?

उत्तर : चालीपेक्षा तिच्यामागची शिस्त आत्मसात करावी, असे मला मनापासून वाटते. एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पार्ट यांनी जुन्या स्तोत्रगायनाचा दीर्घ अभ्यास करून १९७६ मध्ये अशी पद्धत घडवली, जिच्यात एक आवाज लगतच्या स्वरांवरून पायरीपायरीने चालतो, तर दुसरा मूळ त्रिस्वरसंघापुरताच, म्हणजे आधारस्वरावर उभ्या तीन स्वरांच्या गटापुरताच, राहतो. म्हणूनच ती रचना प्राचीन भासूनही नवीच असते. फ्रेंच संगीतकार मोरिस द्युरुफ्ले यांनी मात्र १९६० च्या चार मोटेटांमध्ये (गायकवृंदासाठीच्या छोट्या धार्मिक रचनांमध्ये) स्तोत्रांच्या मूळ चालीच घेतल्या आणि भोवतीचा स्वरमेळ आपला ठेवला. कोणताही मार्ग घ्या, आधी लॅटिन पाठ मोठ्याने वाचून शब्दांचे आघात ऐका आणि मगच लय ठरवा.