कान वाहतोय, मग डिस्चार्ज कसला?

प्रश्न: आमच्या आत्तीचा कान महिनाभर वाहूलालाय. बेळगावात एका दवाखान्यात दाखवलं तर चिठ्ठीवर 'इअर डिस्चार्ज' लिहून दिलं, आत्तीला वाटलं घरी सोडलं, पिशवी भरून बसली पण! वर कन्नड नर्स 'किवी, कीवु' काय काय म्हणाली. मराठीत याला नेमकं काय म्हणायचं, स्त्राव का श्राव?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: आत्तीला हसू नका हो, तो शब्दच तसा आहे. डिस्चार्ज म्हणजे आतलं बाहेर सोडणं, मग तो पेशंट असो, बॅटरी असो नाहीतर कानातला पू. नर्स बिचारी बरोबरच सांगत होती, कन्नडात किवी म्हणजे कान आणि कीवु म्हणजे पू, 'किवियल्ली कीवु' असं एका दमात म्हटलं की आपल्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

आता लिहायचं कसं, तर स्राव. त नाही, श्र तर नाहीच. संस्कृतात स्रु म्हणजे वाहणं, त्यातनंच स्रोत पण आला आणि त्यालाही लोक उगीच त चिकटवतात, बहुतेक स्त्रीच्या नादानं. पण घरात स्राव म्हणतं कोण? कान फुटला, नाक गळतंय, जखमेतनं लस येतेय, हेच आपले शब्द आणि डॉक्टरला ते चालतात. फक्त 'अंगावरून जातंय' म्हणून बायका गप्प बसतात, तिथं पांढरं का लाल ते स्पष्ट सांगावं, दोन्हीची औषधं वेगळी.

रिपोर्टात 'ऑटोरिया' दिसलं तर घाबरू नका, तो कान वाहण्याचाच डॉक्टरी शब्द. ग्रीकमधनं आलेला हा शेवटचा 'रिया' म्हणजे वाहणं, पायोरिया, डायरिया, ल्युकोरिया सगळ्यांत तोच, पायोरियात पू वाहतो आणि ल्युकोरियात पांढरं, एवढाच फरक.

आणि महिना झालाय तर कान-नाक-घसावाल्याकडे परत न्या. पाण्यासारखं येतंय का घट्ट पिवळं, वास आहे का, रक्त दिसलं का, ऐकू कमी येतंय का, एवढं बघून जा. लसूण घालून कोमट केलेलं तेल तेवढं कानात ओतू नका, पडद्याला भोक असलं तर ते सरळ आत जातंय. अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात बसवा, अंघोळ झाली की काढून टाका.