लो गिअर हवा, पण मागच्याच चाकांना

प्रश्न : माझी जुनी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. पाच गिअर, आणि शेजारी दुसरा छोटा दांडा : टू हाय, फोर हाय, न्यूट्रल, फोर लो (टू-फोर म्हणजे किती चाकांना ताकद; हाय म्हणजे नेहमीचा वेग, लो म्हणजे संथ पण जोरदार). रोज दोन एक्सलचा ट्रेलर काँक्रीटच्या चढावरून मागे घेत, काटकोनात वळवून शेडमध्ये घालावा लागतो. साध्या रिव्हर्समध्ये गाडी पळते, म्हणून हाफ क्लचवर घेतो आणि क्लच प्लेटचा वास सुटतो. फोर लोमध्ये वेग हवा तसा मिळतो, पण वळताना स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात आणि परवा तर दांडाच अडकून बसला. मित्र म्हणतो, पुढच्या एक्सलकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी कापून टाक, मग लो गिअर फक्त मागच्या चाकांना मिळेल. करू का? मागचा एक्सल तुटेल का?

उत्तर : नळी कापू नका, निदान आज तरी. आधी पुढच्या चाकाशी उकिडवे बसा आणि हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मधोमध फिरवायची चकती आहे का ते बघा. एक गृहस्थ हेच काम करून घ्यायला माझ्याकडे आले होते. ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलांना वाटणारी पेटी, खोलायची तयारी करूनच आले होते. मी हबवरचा वाळलेला चिखल स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, तर खाली ‘लॉक’ आणि ‘फ्री’ अशा दोन खुणा. दोन्ही हब ‘फ्री’वर ठेवले, दांडा फोर लोमध्ये टाकला, झालं काम. अशा वेळी पुढचा प्रोपेलर शाफ्ट (एक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा) फिरतो, पण रिकामा. चाकांशी त्याचा संबंध नसतो. तुमची गाडी तशी निघाली तर एक रुपयाही न खर्चता तुमचं काम झालं.

मित्र व्हॅक्यूम म्हणतोय त्यावरून तुमचे हब कायमचे जोडलेले असावेत आणि पुढचा एक्सल आतूनच, व्हॅक्यूमने म्हणजे इंजिनाच्या हवा खेचण्याच्या जोरावर, जोडला-सोडला जात असावा. मग दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी समजून घ्या. तुमच्या ट्रान्सफर केसमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. फोरमध्ये टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेच जातात. वळताना मात्र पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात. समजा तुमचा व्हीलबेस ३.१ मीटर आहे आणि मागचा एक्सल ५ मीटर त्रिज्येने वळतोय. तर काटकोन पुरा होईपर्यंत मागची चाकं ७.८५ मीटर चालतात आणि पुढची ९.२४. जवळजवळ १.४ मीटरचा फरक! मातीत किंवा खडीवर टायर जरासे घसरून तो फरक फेडतात. काँक्रीटवर ते घसरायला तयार नसतात, म्हणून पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि दांडा अडकतो. पुन्हा अडकला तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. गाडी सरळ रेषेत थोडी उलट दिशेला सरकवा, पीळ सुटला की तो आपोआप निघतो.

आता तुम्हाला मिळणार काय, ते आकड्यांत बघू. पहिला गिअर ४, क्राउन-पिनियन (एक्सलमधली गिअरची जोडी) ४.१, लो रेंज २.५ धरा, रिव्हर्स बहुधा पहिल्याच्या आसपास असतो. हायमध्ये इंजिनाचे १६.४ फेरे झाले की चाकाचा एक, लोमध्ये ४१ झाले की एक. इंजिन आयडलिंगला ८०० फेऱ्यांवर आणि टायरचा घेर २.३ मीटर असेल, तर हायमध्ये गाडी ताशी ६.७ किलोमीटरने सरकते, लोमध्ये २.७ ने. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. क्लचवरचा पाय पूर्ण काढा, नुसतं स्टिअरिंग सांभाळा. वास येण्याचा प्रश्नच संपला.

आता एक्सल तुटण्याचं. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) २५० न्यूटन मीटर धरला, तर हायमध्ये मागच्या एक्सलवर साधारण ४,१०० पोचतो. एक्सलवर दीड टन वजन असेल, तर कोरड्या काँक्रीटवर टायर घसरायच्या आधी जेमतेम तेवढाच भार पेलतात. लोमध्ये तोच टॉर्क कागदावर १०,००० च्या वर जातो. तेवढा शाफ्टपर्यंत पोचत नाही, कारण आधी टायर घसरतो. म्हणजे टायर हाच तुमचा फ्यूज. आता गंमत बघा : मागे वजन लादाल तितका हा फ्यूज जाड होत जातो. रिकाम्या गाडीला जे चालून जातं ते ट्रेलरचं ओझं हुकवर बसल्यावर चालेलच असं नाही. कारखान्याने लो रेंजला चारही चाकं बांधून दिली, ती हा भार दोन एक्सलांवर वाटून जावा म्हणूनच.

पण नुसत्या भारापेक्षा झटका वाईट. हे मी माझ्याच गाडीवर शिकलो. माझ्या जुन्या पिकअपची ट्रान्सफर केस दोन दांड्यांची होती. आतल्या दोन सळ्यांमध्ये औषधाच्या कॅप्सूलएवढा लोखंडी तुकडा असतो, तो एक सळी चुकीच्या जागी असताना दुसरीला अडवतो. मी तो काढून फेकला आणि मागच्याच चाकांना लो मिळवला. महिनाभर खूश होतो. मग एक दिवस ओल्या गवतात साखळीने झाडाचं खोड ओढायला गेलो. चाकं जागीच गरगर फिरली, मी ॲक्सिलरेटर सोडला नाही, आणि फिरता फिरता उजवा टायर एका पुरलेल्या दगडावर चढला. ‘टक्’ असा एकच आवाज. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला चौफुलीसारखा तुकडा) फुटला होता आणि सुटलेलं टोक खालून फ्लोअर बडवत होतं. गाडी उतारावर होती आणि मी ती गिअरमध्ये आहे या भरवशावर निर्धास्त होतो! मागचा शाफ्ट गेल्यावर गिअर कुणालाच धरत नाही. ब्रेक होते म्हणून वाचलो.

तो तुकडा काढण्यात आणखी एक धोका आहे, तो मला नंतर कळला. काही दोन-दांडी केसमध्ये एक दांडा पुढच्या एक्सलचा आणि दुसरा मागच्याचा असतो, आणि प्रत्येकाला हाय-लो वेगळं असतं. तुकडा गेला की एक एक्सल हायमध्ये आणि दुसरा लोमध्ये पडू शकतो. मग आत काय होईल याची कल्पना तुम्हीच करा. जाणकार तुकडा टाकून देत नाहीत, हवी तेवढीच सूट मिळेल इतका घासतात. तुमच्या एका दांड्याच्या केसमध्ये असलं काही करायची गरज नाही, कारण तुम्हाला जे हवंय ते बाहेरून मिळतंय.

तर तुमची नळी. एक्सलच्या ॲक्च्युएटरला (एक्सल जोडणाऱ्या-सोडणाऱ्या डबीला) एकच नळी असेल, तर बहुतेक वेळा व्हॅक्यूम खेचून जोडतो आणि स्प्रिंग सोडवते. तिथे केबिनमध्ये छोटा व्हॉल्व्ह बसवा, आणि तो असा हवा की बंद केल्यावर ॲक्च्युएटरकडची बाजू हवेला उघडी होईल. नुसती नळी चिमटलीत तर आतला व्हॅक्यूम अडकून राहतो आणि एक्सल जोडलेलाच. इंजिनाकडची बाजू मात्र घट्ट बंद पाहिजे. ती उघडी राहिली की इंजिन आयडलिंगला डगमगेल आणि ब्रेक जड होतील. कापून टाकण्यात हाच धोका आहे. दोन नळ्या असतील, तर एक जोडते आणि दुसरी सोडवते. तिथे नुसतं बंद करून भागत नाही, सोडवणाऱ्या बाजूला व्हॅक्यूम मिळायला हवा. नळ्या नसून विजेची मोटर असेल, तर काम इलेक्ट्रिशियनचं. डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा दिवा त्यानंतर खरं बोलेलच असं नाही. म्हणून व्हॉल्व्हवरच ठळक खूण करा, नाहीतर चिखलात ऐन वेळी पुढची चाकं गायब.

आणि दांडा लोमध्ये टाकताना गाडी पूर्ण उभी करा. पुढचा एक्सल परत जोडताना अगदी हळू आणि सरळ चाला.

प्रश्न : माझी गाडी कायमस्वरूपी फोर व्हील ड्राइव्ह, ऑटोमॅटिक. पुढचा शाफ्ट काढून ठेवला तर मागच्या चाकांना लो मिळेल का?

उत्तर : सेंटर डिफरन्शियल लॉक होत नसेल, तर गाडी जागची हलणारही नाही. सगळी ताकद पुढच्या रिकाम्या टोकाला फिरवण्यात जाईल. लॉक होत असेल तर हलेल, पण मग तो लॉक एकटा सगळा भार घेणार. शिवाय टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) उभ्यावरून निघताना ताकद जवळपास दुप्पट करतो, तो गुणाकार वरच्या आकड्यांत नाही. मुळात सेंटर डिफरन्शियल लॉक न करता तुमची गाडी लोमध्ये काँक्रीटवर सुखाने वळते. शाफ्ट जागेवरच राहू द्या.