ताशावरून स्नेअरकडे येताना: आधी खालचं पान बघ

तुझा प्रश्न वाचला. चार वर्षं पथकात ताशा, आता 14 इंची जुना स्नेअर (खालच्या बाजूला तारा लावलेला ड्रम) विकत घेतलास, पण आवाज पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा येतो आणि ताशावर सहज निघणारी तर्री (जलद ठोक्यांची सलग लड) इथे अडखळते. वरचं पान, म्हणजे ज्यावर वाजवतो तो ताणलेला पडदा, बदलू का, असं विचारलंयस. थांब, इतक्यात पैसे घालू नकोस. तू लिहिलंयस की तारा 'होतील तितक्या' घट्ट केल्यात. मला वाटतं दुखणं तिथेच आहे.

स्नेअर वाजतो कसा ते आधी बघ. वरच्या पानावर ठोका पडला की आतली हवा खालचं पान ढकलते, ते पान तारांना उडवतं आणि तारा परत त्याच्यावर आपटतात. तो चुरचुरीत 'चर्र' तिथून येतो. तारा आवळून टाकल्या की त्यांना उडायला जागाच उरत नाही. जोरात वाजवलं तर कोरडा 'टक' आणि हलकं वाजवलं तर काहीच नाही. ताशात हा प्रकारच नसल्यामुळे, ताशा चढवतो तसं सगळंच चढवायचं, असं आपल्या हाताला वाटतं. मीही पहिलं वर्ष तसंच केलं आणि दोष पानांना देत राहिलो.

आता हे कर. बाजूचा खटका (तारा पानाला टेकवणारा-सोडवणारा) पाडून तारा सोडव आणि ड्रम उलटा ठेव. खालचं पान अगदी पातळ असतं, त्यावर काठी चुकूनही मारायची नाही. सगळे बोल्ट ढिले करून आधी बोटांनी लागतील तेवढे लाव, मग चावीने अर्धा-अर्धा फेरा दे. एक बोल्ट झाला की शेजारचा नाही, समोरचा घ्यायचा. नाहीतर पान एका बाजूला ओढलं जातं. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत बोटाने टिचकी मारून सूर जुळव. खालचं पान बऱ्यापैकी ताणलेलंच हवं. तारा जिथून बाहेर पडतात तिथे लाकडाची कड मुद्दाम थोडी उतरती केलेली असते, त्यामुळे तिथे बारीक सुरकुती दिसली तर घाबरू नकोस. वरचं पान याच पद्धतीने, पण सुरुवातीला मध्यम ताणावर ठेव.

तारा दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का बघ. पट्टी किंवा दोरी बांधताना स्ट्रेनरचा, म्हणजे खटक्याच्या यंत्रणेचा, तारा आवळणारा स्क्रू मधोमध ठेव, म्हणजे पुढे दोन्हीकडे फिरवायला वाव राहतो. मग ड्रम सुलटा कर, खटका लाव आणि पानाच्या कडेला अगदी हळू ठोके देत स्क्रू थोडा थोडा आवळ. आधी लांबट खरखर येईल, मग ती आखडत जाईल. हलक्या ठोक्यालाही तारा बोलतायत आणि खरखर लांबत नाहीये, तिथे थांबायचं. शेजारी ढोल वाजला की तारा आपोआप झणझणतील. तो बिघाड नाही, वाजवत नसशील तेव्हा खटका पाड.

स्टँडचे तीन हात ड्रम निसटणार नाही इतकेच आवळ आणि त्यातला एकही तारांखाली येऊ देऊ नकोस. बसल्यावर ड्रमची कड मांडीच्या थोडी वर, साधारण बेंबीच्या उंचीला असावी.

आता हात. ताशाची काडी बारीक आणि लवचीक, ती स्वतः वाकून उडते. स्नेअरची 5ए मापाची काठी जाड आणि वजनदार असते. तिला पानच परत उडवतं, फक्त तू आड येऊ नकोस. खालून एक तृतीयांश अंतरावर अंगठा आणि तर्जनीत धर, बाकीची बोटं नुसती टेकव. काठी पानावर सोड आणि ती किती वेळा उडते ते मोज. दोनदा उडून थांबत असेल तर मूठ आवळलेली आहे. रोलमधल्या दर दोन ठोक्यांतला पहिला मनगटाने द्यायचा, दुसरा त्या उसळीतून बोटांनी पकडायचा. तुझी तर्री इथेच अडकली आहे. वेग तुझ्याकडे आहेच, म्हणून मुद्दाम मेट्रोनोम (ताल धरणारं टिकटिक यंत्र) मिनिटाला 60 वर लावून सुरुवात कर, दर टिकेला चार ठोके.

डावी काठी तळहातात आडवी धरायची जुनी पकड लष्करी बँडांतून आली. तिथे ड्रम पट्ट्याने लटकलेला आणि तिरका असायचा. तुझा ड्रम स्टँडवर सपाट आहे, दोन्ही हात सारखेच धर.

सरावाला यादी मोठी नको. अमेरिकेतल्या रुडिमेंटल ड्रमवादकांच्या संघटनेने 1933 नंतर 13 रुडिमेंट्स (ठोक्यांचे मूळ नमुने) आवश्यक ठरवली होती, आजची प्रमाण यादी 40 ची आहे. तू तीनच घे: सिंगल (हात आलटून-पालटून एकेक ठोका), डबल (प्रत्येक हाताने दोन-दोन) आणि पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. रोज वीस मिनिटं सरावाच्या रबरी पॅडवर, दहा ड्रमवर. बंद खोलीत कानात इअरप्लग हवेतच, मैदानातली सवय इथे चालवू नकोस.

आठवड्याने फोनवर रेकॉर्ड करून इथे टाक, एकदा तारा लावून आणि एकदा खटका पाडून. डबलमधला दुसरा ठोका बारीक पडत असेल तर तारांच्या खरखरीत तो लपतो, तारा सोडवल्या की लगेच कळतो.